गर्भ कुठे रुजला आहे?

पाळी चुकली, मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, की दिवस राहिल्याची खात्री होते. पट्टीचं म्हणणं खरंच असतं. लघवीत एचसीजी नावाचं संप्रेरक आहे, म्हणजे शरीरात कुठेतरी गर्भाच्या पेशी रुजून वाढू लागल्या आहेत, एवढं ती ओळखते. त्या कुठे रुजल्या आहेत हे मात्र तिला कळत नाही. गर्भाशयात रुजल्या तरी रेघा दोनच, आणि गर्भाशयापासून चार बोटांवर नळीत अडकल्या तरी दोनच. रक्ताच्या तपासणीतून आकडा मिळतो, जागा मिळत नाही. जागा बघूनच ठरवावी लागते, आणि बघण्याचं हे काम सोनोग्राफी करते.

शंभर गर्भधारणांमागे एक ते दोन वेळा गर्भ भलत्या ठिकाणी रुजतो. डॉक्टर त्याला ‘एक्टोपिक’ म्हणतात. बोलताना ‘नळीत राहिलंय’ असं सांगितलं जातं आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, कारण असे नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भ गर्भनलिकेतच सापडतात. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचं मीलन होतं ते मुळात नळीतच, तिच्या रुंद भागात. तिथून गर्भाशयापर्यंतचा तीन-चार दिवसांचा प्रवास नळीच्या आतल्या सूक्ष्म केसांच्या आणि नळीच्या आकुंचनाच्या जोरावर होतो. जुन्या जंतुसंसर्गाने, आधीच्या ऑपरेशनने किंवा आपल्याकडे अजूनही आढळणाऱ्या जननेंद्रियांच्या क्षयाने हे अस्तर खराब झालेलं असलं, तर गर्भ वाटेतच थांबतो आणि तिथेच मूळ धरतो. नळीची भिंत पातळ असते, ती गर्भाशयासारखी ताणत नाही. गर्भ वाढतो, रक्तवाहिन्या कुरतडल्या जातात आणि एक दिवस नळी फुटते. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत होणाऱ्या मातामृत्यूंचं हे एक प्रमुख कारण आहे.

ज्यांना एक्टोपिक होतं त्यांतल्या जवळपास निम्म्या बायकांमध्ये धोक्याचं कुठलंही कारण आधी सापडत नाही. त्यामुळे ‘मला काही त्रास नव्हता, मला कसं होईल’ हा हिशेब इथे चालत नाही. एक गट मात्र आवर्जून सांगावासा वाटतो: कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बायका. ऑपरेशन झालंय, आता दिवस कसे राहतील, असं म्हणून पाळी चुकल्याकडे दुर्लक्ष होतं. नसबंदी फसण्याचं प्रमाण खूप कमी आहे. पण फसली, तर नेमका नळीतच गर्भ राहण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत नसबंदीनंतरच्या गर्भधारणांपैकी जवळपास एक तृतीयांश एक्टोपिक निघाल्या होत्या. तांबीचंही तसंच आहे. तांबीमुळे एक्टोपिक होत नाही, उलट एकूण गर्भधारणाच टळतात. पण तांबी असतानाही दिवस राहिले, तर गर्भाची जागा लगेच तपासायला हवी.

सोनोग्राफी येण्याआधी हे निदान बहुधा पोट उघडल्यावरच व्हायचं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट लॉसन टेट यांनी १८८३ साली फुटलेली नळी काढून टाकून रुग्ण वाचवला, तोपर्यंत अशा बाईजवळ बसून राहण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. पुढची कित्येक दशकं योनिमार्गातून गर्भाशयाच्या मागे सुई घालून, न गोठणारं रक्त येतं का हे बघितलं जाई. रक्त आलं की निदान पक्कं, पण तोवर रक्तस्राव सुरू झालेला असायचा. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पोटातल्या गाठी ध्वनिलहरींनी पाहिल्याचा निबंध छापला, आणि तिथून चित्र बदलायला लागलं. योनिमार्गातून तपासणारे प्रोब १९८० च्या दशकात रुळले आणि नळी फुटण्याआधी गर्भ दिसू लागला. औषधाने उपचार करता येतो तो याच आधी मिळालेल्या दिवसांमुळे.

प्रोबच्या टोकाशी असलेल्या स्फटिकांना वीज दिली की ते थरथरतात आणि कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात जातो. मऊ ऊतींमधून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने धावतो, जिथे एक थर संपून दुसरा लागतो तिथे थोडा परत फिरतो, आणि परतीला लागलेल्या वेळेवरून मशीन त्या थराची खोली काढतं. पाण्यातून काहीच परत येत नाही, म्हणून पाणी पडद्यावर काळं. दाट ऊती करड्या किंवा पांढऱ्या. आता मुद्दा बारकाव्याचा. पोटावरून वापरायचा प्रोब साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा असतो, योनिमार्गातला ५ ते ९ चा. कंपनसंख्या वाढली की लहरीची लांबी कमी होते आणि बारीक गोष्टी वेगळ्या दिसतात, पण ध्वनी खोलवर पोचत नाही. योनिमार्गातून गर्भाशय आणि नळ्या काही सेंटिमीटरवरच असल्याने खोलीची गरजच उरत नाही. पाचव्या आठवड्यात शोधायची वस्तू दोन-तीन मिलिमीटरची असते. ती पोटाच्या चरबीतून, आतड्यांच्या वायूतून शोधणं आणि जवळ जाऊन शोधणं यात फार मोठा फरक पडतो.

म्हणूनच दवाखान्यात आधी ‘लघवी भरून या’ म्हणतात आणि मग ‘लघवी करून या’ म्हणतात. बाहेर बाकावर पाण्याची बाटली संपवत बसलेल्या बाईला याचा वैताग येणं साहजिक आहे, पण दोन्हींना कारण आहे. पोटावरून बघताना भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि ध्वनीला स्वच्छ वाट देतं. आतून बघताना तेच मूत्राशय गर्भाशयाला प्रोबपासून दूर ढकलतं, म्हणून ते रिकामं हवं. एक्टोपिकचा संशय असेल तर दोन्ही तपासण्या कराव्यात असं माझं मत आहे. आतून बारकावे दिसतात, आणि पोटावरून वरच्या भागात रक्त साचलंय का ते कळतं.

आतल्या तपासणीची भीती अनेकींना वाटते. प्रोबवर निरोध चढवलेला असतो, जेली लावलेली असते, तो गर्भाशयाच्या तोंडाशी थांबतो, आत जात नाही. त्याने गर्भ पडत नाही, रक्तस्राव चालू असला तरी ही तपासणी करता येते. खोलीत स्त्री मदतनीस असावी हा आग्रह धरण्याचा प्रत्येकीला हक्क आहे, आणि नको म्हणण्याचाही. नको म्हटलं तर तपासणी फक्त पोटावरून झाली आणि तिला मर्यादा आहेत, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असावं.

आता पडद्याकडे येऊ. पहिली नजर गर्भाशयावर. उभा छेद घेऊन ग्रीवेपासून वरच्या टोकापर्यंत अस्तराची पांढुरकी रेघ पूर्ण बघायची, मग प्रोब एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच वळवायचा, मग आडवा छेद. घाई इथेच अंगाशी येते, कारण मधला एकच छेद बघून ‘रिकामं’ म्हणणं सोपं असतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं, तर साडेचार ते पाच आठवड्यांच्या सुमारास अस्तरात एक लहानसं काळं वर्तुळ दिसू लागतं. गर्भाभोवतीच्या पाण्याच्या या पिशवीला सोनोग्राफीत ‘सॅक’ म्हणतात. ती दिवसाला साधारण एक मिलिमीटरने वाढते. साडेपाच आठवड्यांना तिच्यात योक सॅक दिसते, पातळ पांढऱ्या कडेचं एक छोटं कडं. सहा आठवड्यांच्या आसपास त्या कड्याला चिकटून गर्भाचा दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका येतो आणि त्यात हृदयाची लुकलुक दिसते. पोटावरून बघितलं तर हे सगळं साधारण आठवडाभर उशिरा.

नुसती सॅक दिसली की काम झालं असं नाही. खरी सॅक अस्तराच्या मधल्या रेघेत नसते, एका बाजूच्या थरात रुतलेली असते, कारण गर्भ अस्तरात शिरून रुजतो. मधली रेघ तिच्या शेजारून सरळ जाताना दिसते. एक्टोपिकमध्येही संप्रेरकांमुळे अस्तर फुगतं, आणि कधी कधी पोकळीत थोडं रक्त किंवा स्राव साचतो. तो बरोबर मध्यभागी, टोकाकडे निमुळता, प्रोबने दाबलं की आकार बदलणारा असतो. जुन्या पुस्तकांनी या ‘खोट्या सॅक’ची इतकी धास्ती घातली की काही काळ उलटी चूक होऊ लागली: गर्भाशयातली चांगली, लवकरची सॅक खोटी समजली जाऊ लागली. प्रत्यक्षात पट्टी पॉझिटिव्ह असलेल्या बाईच्या गर्भाशयात गोल, गुळगुळीत काळं वर्तुळ असेल, तर ते खऱ्या गर्भाचं असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त असते. पक्का पुरावा मात्र योक सॅकचा. ती गर्भाशयात दिसली की जागेचा प्रश्न सुटला, असं जवळपास नेहमीच म्हणता येतं. अपवाद जुळ्यांचा: एक गर्भ गर्भाशयात, दुसरा नळीत. नैसर्गिक गर्भधारणेत हे अतिशय दुर्मीळ. पण आयव्हीएफने दिवस राहिलेल्या बाईत गर्भाशयात गर्भ दिसल्यावरही नळ्यांची बाजू बघितल्याशिवाय प्रोब बाहेर काढू नये.

गर्भाशयात काही नसेल तर शोध बाजूला सरकतो, आणि सोनोग्राफी करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. आधी दोन्ही अंडाशयं शोधायची. ज्या अंडाशयातून बीज सुटलं त्यात कॉर्पस ल्युटिअम असतं, जाड कडेची, कधी आत रक्ताचं जाळं असलेली गाठ. नळीतला गर्भ बहुतेक वेळा त्याच बाजूला सापडतो, म्हणून शोध तिथून सुरू करायचा. पण बीज पलीकडच्या नळीतही जाऊ शकतं, तेव्हा दुसरी बाजू सोडायची नाही. मग अंडाशय आणि गर्भाशय यांच्या मधली जागा मिलिमीटर-मिलिमीटरने बघायची. निरोगी नळी सोनोग्राफीत सहसा वेगळी दिसतच नाही. दिसू लागली, तर काहीतरी बिघडलंय.

नळीतला गर्भ तीन रूपांत भेटतो. सगळ्यात जास्त वेळा तो नुसता एक ओबडधोबड करडा गोळा असतो, एक ते तीन सेंटिमीटरचा, आत ना सॅक ना ठिपका. त्यात गर्भाच्या पेशी आणि गोठलेलं रक्त एकत्र असतं. दुसरं रूप ओळखायला सोपं: जाड पांढरी कडा आणि मधे काळं भोक, पडद्यावर अगदी मेदूवडा. तिसऱ्या रूपात त्या भोकात योक सॅक किंवा हृदयाची लुकलुक दिसते. हे दिसलं की शंकेला जागाच उरत नाही, पण असं भाग्य कमी वेळा मिळतं.

अडचण अशी की कॉर्पस ल्युटिअमही कडेवाला गोल असतो. मग वेगळं कसं करायचं? रंग तुलनेने बघायचा: नळीतल्या गर्भाची कडा अंडाशयाच्या ऊतीपेक्षा उजळ असते, कॉर्पस ल्युटिअमची सहसा तितकी उजळ नसते. कलर डॉपलर लावून रक्तप्रवाहाचं कडं बघण्याचा मोह होतो, पण तसं कडं दोघांभोवती दिसतं, तेव्हा त्याने फारसं ठरत नाही. माझ्या मते सगळ्यात भरवशाची युक्ती सर्वांत साधी आहे. प्रोबने हलकेच दाब द्यायचा, दुसरा हात पोटावर ठेवून वरून ढकलायचं, आणि पडद्यावर बघत राहायचं. गाठ अंडाशयाच्या आतली असेल तर ती आणि अंडाशय एकत्र सरकतात. नळीतली असेल तर गाठ एकीकडे आणि अंडाशय दुसरीकडे घसरतं, दोघांच्या मधे फट उघडते. अर्धा मिनिट लागतो. हे करताना बाईला विचारायचं, “इथे दुखतंय का?” नेमक्या त्या गाठीवर दाब आला की ती दचकते. पडद्याकडे बघताना तिच्या चेहऱ्याकडेही नजर हवी. छापलेल्या फोटोवरून निदान करणाऱ्याला हे काहीच मिळत नाही.

यानंतर गर्भाशयाच्या मागची खोलगट जागा. थोडं स्वच्छ, पूर्ण काळं पाणी निरोगी बाईतही असतं. पाण्यात बारीक ठिपके तरंगत असतील, प्रोबने हलवल्यावर ते फिरत असतील, तर ते रक्त. गोठलेलं रक्त आणखी फसवं: ते करडं, दाणेदार दिसतं आणि गर्भाशयाशी इतकं मिसळून जातं की गर्भाशयाची कडच हरवते. नवशिक्याला वाटतं चित्र नीट येत नाही, आणि पोटात तर अर्धा लिटर रक्त असतं. रक्त दिसलं म्हणजे नळी फुटलीच असंही नाही, नळीच्या टोकातून ते हळूहळू ठिबकतं, आणि कॉर्पस ल्युटिअम फुटूनही येतं. पण पट्टी पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं आणि मागे दाट रक्त, हे तिन्ही एकत्र असतील तर गाठ दिसो न दिसो, त्या बाईला घरी पाठवायचं नाही. मग पोटावरचा प्रोब घेऊन यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधली फट बघायची. आडवं झोपलेल्या बाईत रक्त तिथवर पोचलेलं असेल, तर ऑपरेशन थिएटरला फोन करायची वेळ झालेली असते.

बाईच कोसळत असेल तर सोनोग्राफीची वाट बघणं चूक आहे. तरुण शरीर रक्त जात असतानाही बराच वेळ रक्तदाब सांभाळून धरतं आणि मग एकदम सोडतं. संडासात चक्कर येऊन पडणं, खांद्याच्या टोकाला दुखणं (पोटातलं रक्त श्वासपटलाला लागतं आणि कळ खांद्यात जाते), घाम, पांढरीफटक त्वचा, यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करून थेट ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं.

आता सगळ्यात अवघड आणि सगळ्यात नेहमीचा प्रसंग. पट्टी पॉझिटिव्ह, गर्भाशयात सॅक नाही, नळीच्या बाजूला गाठ नाही, पोटात रक्त नाही. काहीच दिसत नाही. याला ‘प्रेग्नन्सी ऑफ अननोन लोकेशन’ म्हणजे जागा न सापडलेली गर्भधारणा असं म्हणतात, रिपोर्टवर थोडक्यात पीयूएल. यातून तीन वाटा फुटतात: गर्भ गर्भाशयातच आहे पण बघायला फार लवकर आलो, गर्भ आधीच पडून गेला, किंवा तो नळीत आहे पण अजून दिसण्याइतका मोठा नाही. यांतल्या बहुतेकींना एक्टोपिक नसतं. पण कोणाला आहे हे त्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही. ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत इथे जिवाचा फरक आहे, म्हणून ही स्थिती म्हणजे अर्धवट झालेलं निदान आहे आणि उरलेलं निदान पुढच्या दोन-चार दिवसांत होतं.

ते होतं रक्तातल्या एचसीजीच्या आकड्याने. एकाच आकड्याने नव्हे, दोन आकड्यांमधल्या फरकाने. १९८१ साली कदार, डीव्होर आणि रोमेरो यांनी मांडलं, की एचसीजी ६५०० च्या वर गेल्यावर पोटावरच्या सोनोग्राफीत सॅक दिसायलाच हवी. आतून तपासणी आल्यावर ती रेषा १५०० ते २००० वर आली, आणि अनेक ठिकाणी तिला नियमाचं रूप आलं: दोन हजारांच्या वर आणि गर्भाशय रिकामं, म्हणजे एक्टोपिक. प्रत्यक्षात जुळ्यांमध्ये आकडा जास्त असतो, गर्भाशयात फायब्रॉइड असतील तर सॅक झाकली जाते, आणि कधी कधी कुठलंही कारण नसताना दोन-तीन हजारांवर सॅक न दिसलेल्या बाईला पुढे निरोगी मूल झालेलं आहे. घाईने मेथोट्रेक्सेट, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणारं औषध, दिलं गेलं, तर ते त्याच मुलावर जातं. ‘सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाऊंड’ने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या शिफारशी २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आल्या. बाईची प्रकृती स्थिर असेल तर एका आकड्यावर असा निर्णय घेऊ नये, हा त्यांचा रोख होता. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही रेषा वापरायचीच असेल तर ३५०० पर्यंत उंच धरावी असं सुचवलं.

दोन आकड्यांचा हिशेब असा: ४८ तासांच्या अंतराने रक्त द्यायचं, आणि तेही त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की पद्धत बदलते आणि आकड्यांची तुलना फसते. सुरुवातीचा आकडा १५०० च्या आत असेल तर दोन दिवसांत तो किमान निम्म्याने तरी वाढायला हवा. ९०० चे १४०० झाले तर ठीक चाललंय, थोड्या दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. ९०० चे १०५० झाले तर वाढ रखडली आहे, एक्टोपिक किंवा पडत चाललेला गर्भ. ९०० चे ४०० झाले तर बहुधा गर्भ पडला आहे, तरी आकडा शून्याजवळ येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. आकडा नीट वाढतोय म्हणून निर्धास्त होता येत नाही, काही एक्टोपिक अगदी निरोगी गर्भासारखे वाढतात. आणि आकडा लहान म्हणून धोका लहान हा तर्क पूर्ण चुकीचा आहे, एचसीजी काही शेच असताना नळी फुटलेली आहे. आकडा सांगतो पुन्हा कधी बघायचं. निदान शेवटी डोळ्यांसमोर आलेल्या गोष्टीवर करायचं.

नळीखेरीज इतर जागा कमी वेळा असतात, पण फसवतात जास्त. गर्भाशयाच्या कोपऱ्यात, नळी जिथे स्नायूतून आत शिरते तिथे रुजलेला गर्भ गर्भाशयातच आहे असं वाटतं. सॅकच्या बाहेरच्या बाजूला स्नायूचा थर पाच मिलिमीटरहूनही पातळ असेल तर सावध व्हायचं. हा भाग ताणतो, म्हणून उशिरा फुटतो, आणि फुटला की रक्तस्राव प्रचंड होतो. सिझेरियनच्या जुन्या व्रणात रुजलेला गर्भ आता पूर्वीपेक्षा जास्त दिसतो, आणि ते स्वाभाविक आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. ज्या बाईचं आधी सिझेरियन झालंय, तिच्या पहिल्याच सोनोग्राफीत सॅक नेमकी किती खाली आहे, आणि सॅक व मूत्राशय यांच्यामध्ये स्नायू किती उरलाय हे मोजायलाच हवं. या एका तपासणीसाठी मूत्राशय थोडं भरलेलं असलं तर बरं, कड स्पष्ट दिसते. खाली ग्रीवेजवळ सॅक दिसली तर ती पडत चाललेली आहे की तिथेच रुजलेली, हेही प्रोबने दाबून कळतं. पडणारी सरकते, रुजलेली जागा सोडत नाही.

गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल इथे बोलायलाच हवं. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधं गर्भाशयातल्या गर्भावर काम करतात, नळीतल्या गर्भावर त्यांचा उपयोग होत नाही. पण गोळ्या घेतल्या की अस्तर सुटून अंगावरून जातं. बाईला वाटतं, झालं मोकळं. आठ-दहा दिवसांनी ओटीपोटात दुखतं, तेही गोळ्यांचंच असेल म्हणून अंगावर काढलं जातं, आणि मग ती बेशुद्धावस्थेत रुग्णालयात येते. कायद्याने या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात, तरी चिठ्ठीशिवाय त्या हातात पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. घरच्यांपासून लपवून घेतलेल्या असतील तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तेवढं तरी सांगा. ही माहिती मिळाली नाही तर शोधाची दिशाच चुकते.

आपल्याकडे प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीला फॉर्म एफ भरावा लागतो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखालची ही नोंद आहे, आणि महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९८८ मध्ये असा कायदा केला होता. सोनोग्राफीची जी कारणं त्या फॉर्ममध्ये छापलेली आहेत, त्यांत गर्भ गर्भाशयात आहे की बाहेर हे बघणं पहिल्याच ओळीत आहे. म्हणजे पाच-सहा आठवड्यांना पोटात दुखतंय, डाग जातोय म्हणून तपासणी मागणं पूर्णपणे कायदेशीर आहे. लग्न झालेलं नाही, नवरा सोबत नाही, म्हणून ती नाकारता येत नाही.

रिपोर्ट हातात आला की त्यात काही गोष्टी शोधा. शेवटच्या पाळीची तारीख. तपासणी आतून झाली की फक्त पोटावरून. सॅक आहे का, असल्यास कुठे, योक सॅक दिसली का. दोन्ही अंडाशयं दिसली का, त्यांच्या शेजारी काही आहे का. पोटात पाणी किती आणि कसं. गर्भ दिसला नसेल तर पुन्हा कधी यायचं. ही शेवटची ओळ नसेल तर विचारून लिहून घ्या. ‘बाकी नॉर्मल’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट या काळात पुरेसा नाही.

नळी फुटण्याआधी निदान झालं तर पर्याय मिळतात. प्रकृती स्थिर, गाठ साधारण साडेतीन सेंटिमीटरच्या आत, हृदयाची लुकलुक नाही आणि एचसीजी फार वाढलेला नाही, अशा वेळी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देता येतं. चौथ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा एचसीजी बघतात. चौथ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत तो किमान १५ टक्क्यांनी उतरायला हवा. या काळात सोनोग्राफीत गाठ आधीपेक्षा मोठी दिसू शकते, कारण तिच्यात रक्त साचतं. उतरता आकडा आणि वाढती गाठ हे बघून घाबरायला होतं, पण दुखणं नसेल आणि आकडा उतरत असेल तर थांबता येतं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र त्या दिवसांत बंद, आणि पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. बाकीच्यांना दुर्बिणीतून ऑपरेशन. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायला विसरू नका.

एकदा एक्टोपिक झालेल्या बाईला पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, साधारण दहातल्या एकीला. म्हणजे दहातल्या नऊजणींचा पुढचा गर्भ योग्य जागी रुजतो. पुन्हा दिवस राहिले की सहाव्या आठवड्यात, दुखत असलं-नसलं तरी, आतून सोनोग्राफी करून घ्यायची. आणि आधीच्या ऑपरेशनची फाइल सोबत न्यायची, कुठली नळी काढली हे तपासणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळलं पाहिजे.